ताज्या मातीवरचे पंजे

सोसायटीच्या कुंपणावरची घाणेरीची झुडपं माळी छाटतोय. त्या उग्र वासाने माझ्या अंगावर काटा येतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही काही जण दर रविवारी नाशिकजवळच्या डोंगरातली पायवाट दुरुस्त करायचो. त्या दिवशी घाणेरी तोडत, खचलेल्या जागी ओली माती दाबत मी आणि शाहीनआपा बऱ्याच पुढे गेलो. परतताना आपा एकदम थांबल्या. आमच्याच बुटांच्या ठशांवर बिबट्याचे पंजे उमटले होते. तो आमच्या मागून येत होता आणि इथेच कुठेतरी झुडपात शिरला होता.

“पळू नकोस,” आपा पुटपुटल्या. “मोठ्याने बोलत राहा. काहीही बोल.”

मला दुसरं काही सुचेना. मी कांद्याची चटणी कशी करतात ते ओरडून सांगायला लागले. “लसूण किती?” आपा विचारत राहिल्या. उजवीकडची पानं आमच्याबरोबर हलत होती.

आज वाटतं, तो आमच्या मागावर नसेलही. वाट मोकळी दिसली, म्हणून चालला असेल.

खाली माळ्याची कात्री थांबली. बाल्कनीत मी एकटीच मोठ्याने बोलतेय, लसूण किती, मीठ किती.