हब निघू दे

देवाकडे लोक काय काय मागतात. मी धसईतल्या माझ्या सायबर कॅफेत बसून मागत होतो, मला कुणीतरी फसवलेलं असू दे.

त्याआधी मी भिवंडीच्या गोदामात होतो, राहायलाही तिकडंच. आठवड्यानं घरी यायचो तर माझी लेक मला बघून आईच्या मागं लपायची. ते सोसवेना म्हणून गावात कॅफे टाकला. पाच कॉम्प्युटर, टेलिफोनची एक लाइन. एकच कॉम्प्युटर लावला की इंटरनेट बरं चालायचं, पाचही लावले की सगळं ठप्प. पोरं शिव्या घालत मुरबाडला जायला लागली.

खापर फोडायला एकच जागा होती, पाचही वायरी जोडलेला तो डबा. त्यावर ‘स्विच’ लिहिलेलं. पण स्टिकर काय, कुणीही चिकटवील! असे डबे दोन जातीचे. स्विच ज्याचं त्यालाच पोचवतो. हब एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानात ओततो, नि आतल्या आत गोंधळ उडतो. कल्याणच्या दुकानदारानं हब गळ्यात मारला असेल तर बदलून घेऊ, कॅफे वाचेल. मग भिवंडी नको.

बायकोला पहिल्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर एक सिनेमा पाठवायला बसवलं. मी तिसऱ्यावर, वायरीतून येईल ते दाखवणारा प्रोग्राम लावून. हब असेल तर त्या दोघांचं सगळं माझ्या पडद्यावर धो धो यायला हवं होतं.

“जातंय का गो?”

“जातंय की. तुमच्याकडं आलं?”

“नाय.”

तेवढ्यात एक ओळ उमटली. “आली!” मी ओरडलोच. मग नीट वाचली. एका कॉम्प्युटरनं सगळ्यांनाच विचारलं होतं, अमका कोण आहे रे? दवंडीच ती. दवंडी तर स्विचही सगळीकडे पोचवतो. पुढं पडदा कोरा तो कोराच. ये ना बाबा, पाया पडतो तुझ्या, म्हणून मी खरंच हात जोडले. पुन्हा पाठवलं, वायरींच्या जागा बदलून पाठवलं. काही नाही.

“मंग डबा चांगलाच हाय ना?” बायको म्हणाली. “तोंड का पाडलंत?”

काय सांगू तिला, कपाळ! डबा चांगला म्हणजे लाइनच अपुरी, आणि गावात याहून चांगली लाइन मिळत नव्हती.

कॅफे मोडला. परत गोदामात लागलो. बऱ्याच दिवसांनी सुट्टी मिळाली तेव्हा खाऊ घेऊन घरी आलो. लेक दारातच खेळत होती. मला बघितलं आणि आत पळाली.

“अगो, बाबा हाय तुझा,” बायको तिला पदरामागून ओढून काढत होती.