पहिला घोट

अंबुजामामी चहा टंबलरच्या बाहेर ओतत होत्या.

टंबलर समोर होता, हातात चहाचं भांडं होतं, तोंडावर नेहमीचं हसू होतं आणि धार सरळ टेबलावरच्या कापडावर पडत होती. ओतून झाल्यावर त्यांनी तो रिकामा टंबलर विमलाबाईंपुढे सरकवला. "घ्या, गरम आहे तोंवर." विमलाबाईंनी तो उचलला, ओठाला लावला आणि म्हणाल्या, "छान झालाय हो." बाकीच्या दोघी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. चहा टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकत होता. मामींनी दुसरा टंबलर घेतला. तोही तसाच रिकामा राहिला.

मी गप्प होते. आयुष्यात कधी गप्प बसले नाही, ती त्या दिवशी बसले. का, ते सांगायला मागे जावं लागेल.

माझा नवरा रेल्वेत होता म्हणून मी बार्शीहून चेन्नईजवळच्या तांबरमला आले. चौथी शिकलेली, तमिळचा एक शब्द येत नव्हता. मामी शेजारच्या घरात राहायच्या. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. कित्येक पिढ्या इकडेच गेलेल्या, पण घरात जुनी मराठी. त्या बोलायला लागल्या की मला आधी वाटायचं, कोणी पोथी वाचतंय.

दर शुक्रवारी चार वाजता त्या आम्हा महाराष्ट्रातून आलेल्या बायकांना चहाला बोलवायच्या. आधी गोड, मग तिखट, मग चहा. त्यांचं घर कापीचं, म्हणजे कॉफीचं. स्वतः त्यांनी जन्मात चहाला तोंड लावलं नव्हतं. "आपल्या मुलुखाचीं माणसं आलीं, अन् त्यांस त्यांचा चहा मिळूं नये?" असं म्हणायच्या. तो मुलूख त्यांनी कधी बघितलाही नव्हता. कुणाला किती साखर लागते हे त्यांना पाठ. एकदा मी म्हटलं, विचारत जा की. तर म्हणाल्या, "विचारून दिलं तें हॉटेल. न विचारतां दिलं तें घर."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा घोट घेतला आणि टंबलर खाली ठेवला.

"मामी, कापीच्या फिल्टरमध्ये केलात का हा?"

विमलाबाई पदराचं टोक चाळवायला लागल्या.

"तुज वास येतो?" मामींनी विचारलं.

"येतो."

"ह्या सगळ्या सहा मास पितात."

"त्यांनाही येत असेल."

मामी आत गेल्या. मला वाटलं, आता हे घर बंद झालं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच हाक मारली. शेगडीवर नवं पातेलं होतं, आलं ठेचलेलं होतं आणि चहा चांगला उकळत होता. "सुमन, तूं इथं बैस," म्हणून त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं. "पहिला घोट तुझा. तूं बोललीस कीं मग ह्यांस देतें."

तीस वर्षं मी तिथेच बसले. बायका आल्या, बदली होऊन गेल्या. विमलाबाई आणि मी राहिलो. चहा पाणचट असला की मी पाणचट म्हणायची. "तोंड आहे कीं विळी," असं म्हणत मामी तो परत शेगडीवर ठेवायच्या. माझा नवरा गेला त्या आठवड्यात मी आले नाही, तर मामींनी चहा माझ्या घरी आणला. समाचाराला आलेल्यांसमोरून वाट काढत आल्या आणि म्हणाल्या, "घोट घे अन् सांग." मी घेतला. साखर जास्त झाली होती. तेही सांगितलं.

मामींच्या मुलाचं लग्न उशिरा झालं. सून मीना तमिळ, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात हिशोबनीस. शुक्रवारी घरूनच काम करायची. एकदा तिने हौसेनं नारळाच्या वड्या केल्या. त्या जमल्या नव्हत्या. मी म्हटलं, "वड्या कुठायत? हा तर शिरा." सगळ्या हसल्या. मीनाला मराठी कमी कळायची, पण हसणं कळायला भाषा लागत नाही. ती आत गेली.

"पोदुम, सुमन," मामी म्हणाल्या. पोदुम म्हणजे पुरे. "खरं बोलावं, पण दर वेळीं नव्हे. पाहुणीनं खावं अन् उगें बसावं."

तीस वर्षांत मला त्यांनी पाहुणी म्हटलं नव्हतं, की गप्प बस म्हणून सांगितलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. पहिला घोट मागितला नाही. मामींनी दिलाही नाही. तोच हा शुक्रवार.

तिसऱ्या टंबलरच्या वेळी मामींनी माझ्याकडे बघितलं. ओठाचा एक कोपरा खाली आला होता. मी उठले.

"मामी, ठेवा ते भांडं. चहा खाली सांडतोय. तोंड वाकडं झालंय तुमचं."

"अहो सुमनताई, असं काय बोलता," विमलाबाई कुजबुजल्या. त्यांच्या हातात अजून रिकामा टंबलर होता.

मी भांडं काढून घेतलं. मामींच्या बोटांत पकडच नव्हती. मीनाला हाक मारली. ती बाहेर आली, सासूकडे एकदा बघितलं आणि लगेच फोनवरून गाडी बोलावली. गाडीत मामींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मीना पुढे बसून ड्रायव्हरला सारखी म्हणत होती, "सीक्रम अण्णा, सीक्रम." लवकर, दादा, लवकर. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. दोन टंबलर भरायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी मामींची वाचा आली. उजवा हात आला नाही. मी भेटायला गेले तर पहिला प्रश्न तोच.

"किती टंबलर?"

"दोन."

"दोन टंबलर पाहात बसलीस?"

"तुम्हीच म्हणालात, उगें बसावं."

मामींनी मान माझ्याकडे वळवली. शब्द जड येत होते.

"खुळे," त्या म्हणाल्या, "तें वड्यांपुरतं होतं."

मी पाणी आणायला म्हणून उठले. तांब्या भरलेलाच होता.

शुक्रवार पुन्हा सुरू झाला. वड्या मीना करायची. त्या नीट पडायला लागल्या, आणि तेही मी तिला तोंडावर सांगितलं. चहा मी ओतायची. पहिला घोट आता मामी घ्यायच्या, डाव्या हाताने. जन्मात चहा न प्यायलेली बाई तोंड वाकडं करून दर वेळी एकच सांगायची, "पाणचट." मी तो परत शेगडीवर ठेवायची.

विमलाबाई आधी गेल्या. मामी मागच्या पोंगलनंतर गेल्या, झोपेत. पण त्या शुक्रवारातून मामी वाचल्या होत्या. पुढे सहा वर्षं जगल्या.