धोट्याचा श्वास

माझा दम पहिल्यांदा संपला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्याबाहेरच्या टपरीवर मी किस्सा सांगत होतो. ऐन रंगात "दार उघडून बघतो तर..." म्हणालो आणि पुढं श्वासच येईना. हात हवेत, तोंड उघडं, डोळे बाहेर. "काय थांबतोय गडी!" एकजण म्हणाला. ते कौतुक मी निमूट पदरात पाडून घेतलं. पुढं कित्येक महिने मी असाच मधेमधे थांबत राहिलो. नट म्हणून सुधारतोय की माणूस म्हणून बिघडतोय, हेच कळेना.

शेवटी बायकोनं दवाखान्यात नेलं. तिथं एका नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, अजून फुंका!" सिस्टर एवढ्या जोशात ओरडत होत्या की मला वाटलं, मी कुस्ती जिंकतोय. निकाल आला: फुफ्फुसाचा जुनाट आजार, सुरुवातीची पायरी.

"जुनाट, आणि सुरुवातीची?" मी विचारलं. "दोन्ही कसं?"

डॉक्टर हसले नाहीत. बिडी कधी सोडली, यंत्रमागावर किती वर्षं झाली, सगळं लिहून घेतलं. बिडी आणि सुताची धूळ, दोघींनी मिळून काम केलं होतं. दिवसातनं दोन वेळा तोंडानं ओढायचा औषधाचा पंप, तोंडाला मास्क, रोज चालणं. "दोन महिन्यांनी परत फुंकायचं. आकडा आणखी घसरला तर माग सोडावा लागेल."

माग सोडायचा? सव्वीस वर्षं चादरी विणल्यात. मागाशिवाय मी कोण, हे मला खरंच माहीत नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारीण म्हणाली हळद-दूध प्या, मित्र म्हणाला दूध कफ करतं. माढ्याचा मेहुणा म्हणाला, "दाजी, गावाकडं या की, हवा लई चांगली हाय." गेलो, तर शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलेलं. चांगली हवा खोकत खोकत परत आलो.

पंप मात्र एकदाही चुकवला नाही. तरी छाती तशीच, जिभेवर फक्त कडू चव. दोन महिन्यांनी फुंकलं तर आकडा आणखी खाली.

"काका, पंप कसा घेता दाखवा बरं," सिस्टर म्हणाल्या.

मी खुर्चीवरून उठलो, छाती काढली, पंप तोंडाला लावला, दाबला आणि सुर्रकन एक झटका ओढून लगेच बाजूला केला.

सिस्टर बघतच राहिल्या. बायकोनं कपाळावर हात मारला. लग्नाआधी ती आमच्याच कारखान्यात कांड्या भरायची.

"अहो, औषध घेताय का धोट्यात दोरा ओवताय?"

मग सिस्टरना तिनंच सांगितलं. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावायचं आणि एका झटक्यात ओढायचं. दोरा बाहेर येतो. "दिवसातनं किती वेळा ओढलं असंल, ह्यांनाच माहीत. दोऱ्यासोबत धूळपण आत." माझ्या तोंडाला दुसरा श्वासच ठाऊक नव्हता. औषध दोन महिने जिभेवरच बसून राहिलं होतं.

सिस्टरनी शिकवलं. आधी श्वास पूर्ण सोडा, पंप दाबत हळूहळू आत घ्या, दहा मोजेपर्यंत रोखा, मग गुळणा करा. हळू घेणं एवढं अवघड असतं! पहिले चार दिवस बायको समोर बसून बोटांवर दहा मोजायची, आणि मी हसलो की पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टरांनी आणखी एक महिना दिला होता. पुन्हा फुंकलं. आकडा थोडा सावरला. मी दोन्ही हात वर केले.

"म्हणजे मागावर राहू?"

"औषध नळ्या मोकळ्या करतं, कारखान्यातली धूळ नाही," डॉक्टर म्हणाले. "गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते राखायचं. ठरवा तुम्ही."

हुकूम असता तर सोपं होतं. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. "घडी खात्यात जावा की," बायको म्हणाली. "तितं धूळ कमी, आणि निदान बोललेलं ऐकू तरी येतं." मालकाला सांगितलं. सोमवारपासून मी भिंतीअलीकडं, चादरींच्या घड्या घालतो.

माझा माग पलीकडं दुसऱ्याच्या हाती चालतो. त्याचा आवाज मी शंभरांत ओळखतो. काल तो मधेच अडखळला. धोटा अडकला होता. मी उठलो, दारापर्यंत गेलो, मास्क नाकावर चढवला आणि तिथंच उभा राहिलो. आत जावं की नाही, ठरेना. ठरायच्या आत पलीकडच्यानं धोटा सोडवून माग चालू केला.