स्टिअरिंगचा नवा सांधा

बेळगाव–जांबोटी मोटारीच्या त्या ड्रायव्हरचं नाव मला आजही ठाऊक नाही, पण त्याची आठवण झाली की अजून डोकं तापतं. मोटार जुनी. तिचं स्टिअरिंग अर्धा फेरा नुसतंच फिरायचं, मग कुठं चाकं वळायची. बेळगावच्या मिस्त्रीनं चाक हलवून माझ्यादेखत सांगितलं होतं, "सांधा झिजलाय. बदला." तरी हा गडी तोंडात पानाचा तोबरा भरून, ताक घुसळावं तसं ते स्टिअरिंग फिरवत राही आणि मागचे पॅसेंजर म्हणत, "काय हात हाय अण्णाचा!"

एकदा मी त्याच्या शेजारी बसलो. सीटखालचं काहीतरी टाचेला टोचत होतं. ओढून पाहिलं, तर तेलकट फडक्यात नवाकोरा सांधा!

"अहो, मग बसवत का नाही?" मी ओरडलोच.

"मालकानं दिवाळीतच आणलाय, मास्तर," तो पिंक टाकून शांतपणे म्हणाला. "पर बसवला, तर ही गाडी कुणीबी चालवंल की. आता माझ्याबिगार कुणाला जमत न्हाय."

एवढ्यात वळण आलं. खाली दरी होती. मागून पुन्हा वाहवा उठली. तो सांधा मांडीवर घेऊन मी दातओठ खात गप्प बसलो, कारण आमच्या सगळ्यांच्या माना त्याच्याच हातात होत्या.