कानाच्या खोलीतला सीपीयू

निजामुद्दीन फिटरची मोठी पोरगी नाजिया हिनं कम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा अख्ख्या घाटंजीत पन्नास कम्प्युटरही नसतील, आणि त्यातले निम्मे तर कापडाखाली झाकून ठेवलेले. लोक म्हणत, पोरगी माशा मारत बसेल. नाजियाचा हिशेब वेगळा होता. जे आहेत ते कधी ना कधी बंद पडणारच, आणि बंद पडले की यवतमाळवरून माणूस यायला चार दिवस लागतात. तिला दहा मिनिटं लागत.

दुकान म्हणजे बापाच्या वर्कशॉपचा कोपरा. निजामुद्दीन सत्तावीस वर्षं एका जिनिंगमध्ये फिटर होता. कापसाचे दिवस फिरले, दोन-तीन हंगाम रखडत चालले आणि एका दिवाळीनंतर कापसातली सरकी काढायचे रेचे सुरूच झाले नाहीत. तेव्हा त्यानं बाजारओळीत जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान टाकलं. विहिरीवरची मोटार, पिठाच्या गिरणीची मोटार, कूलरची मोटार. रेच्यांच्या खडखडाटात कान गेले होते, त्यामुळे गिऱ्हाइकाला दोनदा बोलावं लागे. मोटारीला मात्र एकदाच बोलावं लागे. तो आवरणावर बोटांची टोकं ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "मागचं बेअरिंग गेलं." उघडून पाहिलं की मागचंच गेलेलं असे.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एका धर्मादाय दवाखान्यानं बसस्टँडमागे एक खोली घेतली. तिथं कान तपासून ऐकायचं मशीन द्यायचं ठरलं. आजूबाजूच्या जिनिंग एकामागून एक बंद पडल्यावर कान गेलेले किती कामगार गावात बसून आहेत, हे तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं होतं. जिनिंगच्या गोंगाटात सगळेच ओरडून बोलत, म्हणून कोणी बहिरा वाटत नव्हता. घरी बसल्यावर वाटायला लागला. लोकांनी त्या जागेचं नाव 'कानाची खोली' ठेवलं.

तपासणारी दीपमाला ही यवतमाळच्या पाटीपुऱ्यातली. तिशीतली बाई, या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेली. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं यायची. रोग्याच्या कानावर मोठे हेडफोन चढवायचे, कम्प्युटरमधून बारीक-बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की रोग्यानं हातातलं बटन दाबायचं. त्यावरून कागदावर कानाचा आलेख निघे आणि त्या आलेखाबरहुकूम कानातलं मशीन बसवलं जाई.

पावसाळ्यात नाजियाला बोलावणं आलं ते प्रिंटर अडकला म्हणून. ती खोलीत शिरली तेव्हा दीपमालापुढं नेमसिंग बसला होता. नेमसिंग निजामुद्दीनच्याच जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचा. त्यानं कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं होतं.

"बाई, हे तुमचं तुमी ठेवा," तो म्हणाला. "बोलणं समजत नाई, गोंगाट तेवढा समजते. रस्त्यानं टेम्पो गेला का कानात रेचा सुरू होते."

"अजून सवय नाई झाली भाऊ. महिनाभर वापरून पाहा."

"दोन महिने झाले."

त्याच्याआधी चौघांनी मशीन परत केलं होतं. दीपमालानं ते नाजियाला सांगितलं नाही, पण वहीतल्या चार नावांपुढच्या लाल पेन्सिलीच्या फुल्या नाजियानं पाहिल्या. प्रिंटरमधला कागद काढताना तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. टेबलाखाली ठेवलेला सीपीयू असा काही घरघरत होता की जणू आत भुंगा कोंडलाय.

नेमसिंग गेल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, मले एक डाव तपासता?"

"तुला कमी ऐकू येतं?"

"नाई. म्हणून तर म्हणून राह्यली."

दीपमालाला त्या बोलण्यातली मेख कळली. तिनं हेडफोन दिले. नाजिया बटन हातात धरून बसली. बारीक शिट्टीसारखे आवाज आले, ते तिनं पटापट टिपले. मग खर्जातले आवाज सुरू झाले, घुमणारे, दबके. तिथं मात्र ती नुसती बसून राहिली. आवाज येतोय की सीपीयूच घुमतोय, हे तिला ओळखू येईना.

कागद निघाला. चोवीस वर्षांच्या, दाराबाहेरून स्कूटरचा बिघाड ओळखणाऱ्या पोरीचा खालच्या सुरांचा कान कागदावर अधू निघाला होता.

"तुमच्या मशीनपरमाणं मीबी बहिरी," नाजिया म्हणाली.

दीपमालानं कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. खोली शांत नाही हे तिला माहीत होतं. भिंतीवरचा पंखा ती तपासताना बंद करायची, खिडकीला गोधडी लावायची. सीपीयूचा आवाज रोज कानावर पडून तिला ऐकू येईनासा झाला होता. ज्यांचे खालचे सूर धड होते त्यांनाही मशीन खालचे सूर वाढवून देत होतं. म्हणून टेम्पो गेला की नेमसिंगच्या कानात रेचा सुरू व्हायचा.

"सीपीयू बाहेर ठेवला तर?" नाजियानं विचारलं.

"हेडफोन आणि कम्प्युटरच्या मधल्या या डब्याची तार एवढीच आहे. ती बदलली तर सगळं यंत्र पुण्याला पाठवून पुन्हा तपासून आणावं लागतं. दोन महिने खोली बंद."

"मंग सीपीयूच गप करू," नाजिया म्हणाली. "आठ दिवस द्या मले."

तिनं तिथंच बसून झाकण उघडलं. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये रुई अशी गच्च भरली होती की उशी शिवावी. उन्हाळाभर बसस्टँडसमोरून कापसाच्या गाड्या जात, वाऱ्याबरोबर सगळं आत. हवा अडली म्हणून कम्प्युटर तापत होता आणि तापला म्हणून डबीच्या झाकणाएवढा तो पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता. नाजियानं रंगाच्या ब्रशनं रुई काढली. आवाज निम्मा झाला. दीपमालाला वाटलं, झालं काम. नाजियानं मान हलवली. तिनं हेडफोन लावून पुन्हा ऐकलं होतं.

मग तिनं एक घाई केली. पंख्याची वीज कमी केली की तो सावकाश फिरेल, असा विचार करून तिनं बारा व्होल्टचा पंखा सात व्होल्टवर जोडला. खोली खरोखर शांत झाली. दुसऱ्या दिवशी रुखमाबाई नावाची म्हातारी पारव्याहून पहिल्या गाडीनं आली. तिच्या डाव्या कानाची तपासणी पूर्ण झाली आणि उजवा कान अर्ध्यावर असताना कम्प्युटर तापून आपोआप बंद पडला. पडदा काळा, आकडे गेले. रुखमाबाई बटन हातात धरून पुढच्या आवाजाची वाट पाहत बसली होती, कारण काय झालं हे तिला कळलंच नव्हतं.

 दीपमालानं रुखमाबाईचा हात हातात घेऊन खुणेनं समजावलं आणि पुढच्या आठवड्याची तारीख लिहून दिली. नाजियाला ते बोलणी खाण्यापेक्षा जास्त लागलं. लहान पंखा सावकाश फिरवला तर वारा पुरत नाही, हे तिला आधी कळायला हवं होतं. घरी आल्यावर तिनं बापाला सगळं सांगितलं, दोनदा, मोठ्यानं.

निजामुद्दीन म्हणाला, "मोठा पंखा घे. लहान्या पंख्याले पळा लागते. मोठा चालत चालत तेवढाच वारा देते."

"प्रोसेसरवर मोठा बसत नाई, अब्बा."

"मंग त्याच्या खालचं लोखंडबी मोठं घे."

शनिवारी ती नागपूरला गेली. सीताबर्डीच्या एका माडीवर कम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं होती. तिसऱ्या दुकानात बशीएवढा पंखा मिळाला. दुकानदारानं तिच्यापुढं निळा दिवा लागणारा ठेवला.

"हा घ्या ताई, गेम खेळणारी सगळी मुलं हाच नेतात."

"वीज जोडून दाखवा."

"दाखवायचं काय त्यात? पंखा आहे."

"ऐकाचा हाय मले," नाजिया म्हणाली, आणि काउंटरवरचा टेबलफॅन तिनं स्वतःच बंद केला.

दुकानदाराला गंमत वाटली असावी. त्यानं एकामागून एक पाच पंखे जोडले. नाजियानं प्रत्येकाला कान लावला, मग आडवा धरून, मग उभा धरून. दिव्याचा पंखा उभा चालताना गप असायचा आणि आडवा केला की किरकिरायचा. त्याच्या आत बेअरिंगऐवजी नुसता बुश होता. चौथा पंखा काळा, साधा, दिसायला दरिद्री. तो कसाही धरला तरी नुसता वारा ऐकू येत होता. तिनं तो घेतला, तसलाच आणखी एक मागच्या बाजूसाठी, आणि तांब्याच्या तळाचं, उंच पात्यांचं हीटसिंक. दुकानदार पिशवी देताना म्हणाला, "ताई, एवढं करून कम्प्युटर काय ऐकणार आहे?"

"कम्प्युटर नाई," ती म्हणाली, "नेमसिंगदादा."

सोमवारी दुपारी दोघी कानाच्या खोलीत बसल्या. नवं हीटसिंक बसलं, मोठा पंखा सात व्होल्टवर सावकाश फिरायला लागला, तासभर कम्प्युटर चालवून नाजियानं पात्यांना हात लावून पाहिला. कोमट. पण हेडफोन लावले तरी अजून एक घूं घूं ऐकू येत होतं. ते कुठून येतं हे तिला सापडेना. पंखे बोटानं थांबवले तरी ते येतच होतं.

तिनं बापाला बोलावून आणलं. निजामुद्दीनला त्यातलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यानं चप्पल दाराशी काढली, सीपीयूसमोर मांडी घातली आणि पत्र्यावर दोन बोटं ठेवली. वर, बाजूला, खाली. मग आत हात घालून हार्ड डिस्कवर ठेवली.

"हे फिरते ना आत?"

"हो."

"हे पत्र्याले घट्ट आवळलं हाय. हे हलते, पत्रा वाजते. जिनमध्ये इंजनाखाली रबर कायले टाकत होतो आमी?"

नाजिया सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब घेऊन आली. तिच्या पट्ट्या कापून तिनं हार्ड डिस्क त्या पट्ट्यांवर अशी तोलून बसवली की पत्र्याला कुठंच टेकली नाही. मागच्या बाजूला वारा बाहेर पडण्यासाठी पत्र्याला बारीक भोकं पाडलेली होती, त्यातून हवा शीळ घालत होती. तो जाळीचा भाग निजामुद्दीननं पत्रा कापायच्या कात्रीनं गोल कापून टाकला आणि कानस मारून कडा गुळगुळीत केली. पंख्याच्या चारी कोपऱ्यांखाली रबराच्या चकत्या गेल्या.

बटन दाबल्यावर दीपमाला म्हणाली, "वीज गेली का?"

पडदा उजळला होता. वीज होती.

नाजियानं पुन्हा स्वतःची तपासणी करवून घेतली. यावेळी तिनं खर्जातले आवाजही टिपले, अगदी लांबच्या देवळातल्या नगाऱ्यासारखे पुसट होते तेही. कागदावरची रेघ चांगल्या कानाची जाते तशी वरच्या बाजूनं सरळ गेली. दीपमालानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, पाहिले आणि वहीतल्या लाल फुलीच्या नावांना एकेक करून निरोप धाडायला घेतले. आधी मशीन दिलेल्या सगळ्यांची पुन्हा तपासणी करायची, असं तिनं ठरवलं. दवाखान्याच्या वरिष्ठांना तिनं पत्रात स्पष्ट लिहिलं की आधीचे आलेख चुकले होते आणि ती चूक तिच्या खोलीतली होती. नाजियाला तिचं हे वागणं फार आवडलं. त्या दिवसापासून ती 'मॅडम' सोडून 'ताई' म्हणायला लागली.

नेमसिंग यायला तयार नव्हता. निजामुद्दीन स्वतः बंजारा तांड्यावर त्याच्या घरी गेला. दोन बहिऱ्या माणसांचं ते बोलणं अर्ध्या तांड्यानं ऐकलं. शेवटी नेमसिंग आला, तपासणी झाली. त्याचे खालचे सूर चांगले निघाले, वरचेच तेवढे गेले होते. दीपमालानं मशीन नव्यानं बसवून त्याच्या कानात घातलं आणि तोंडापुढं कागद धरून, ओठ दिसू न देता, हळू आवाजात विचारलं, "भाऊ, नातीचं नाव काय?"

"ललिता," नेमसिंग म्हणाला, आणि मग आपण ओठ न पाहता ऐकलं हे लक्षात येऊन त्यानं कानातल्या मशीनला हळूच बोट लावून पाहिलं.

रुखमाबाई तिच्या तारखेला आली. दोन्ही कान नीट तपासून झाले. नेमसिंगच्या आधी मशीन परत केलेल्या चौघांपैकी तिघांनी ते पुन्हा नेलं. चौथा म्हणाला, मले आता शांत बरं वाटते, आणि तेही दीपमालानं मान्य केलं.

निजामुद्दीन तपासणीला बसला तो दसरा झाल्यावर, त्याच्या बायकोनं, हजराबीनं, जेवणाचं ताट वाढून त्याच्यासमोर धरलं आणि कानाचं काय करता ते आधी सांगा म्हणाली तेव्हा. त्याचा आलेख नेमसिंगपेक्षा वाईट होता. मशीननं सगळं परत येणार नाही, हे दीपमालानं त्याला लिहून दाखवलं. तो म्हणाला, "अर्धं आलं तरी चालते. मोटारीचं मी बोटानं करतो." शुक्रवारी नमाजाला तो मशीन घालून जायचा, बाजाराच्या दिवशी डबीत ठेवायचा.

पुढच्या वर्षी झरी जामणीच्या एका आश्रमशाळेतून नाजियाला बोलावणं आलं. तिथं पोरांचे कान तपासायचे होते आणि कम्प्युटर तसाच घुमत होता; तोही तिनं गप केला. मग यवतमाळच्या एका महाविद्यालयानं विचारलं. त्यांच्याकडं भाषा शिकायची खोली होती, वीस कम्प्युटर एकाच वेळी सुरू केले की शिकवणाऱ्या बाईंचा घसा बसायचा. प्राचार्यांनी फोनवर विचारलं, असं काम याआधी किती कम्प्युटरचं केलंय?

"दोन," नाजियानं खरं ते सांगितलं. "पण दोन्ही गप झाले."

प्राचार्य हसले आणि कधी येता म्हणाले. तिनं पंचांग पाहायच्या थाटात भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, पुढच्या बुधवारची तारीख दिली आणि आत ओरडून सांगितलं, "अब्बा, बुधवारी यवतमाळले जाचं हाय. पत्र्याची कात्री धार लावून ठेवा."