बंद केबलवरच्या कुर्ल्या

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हर्णे भागात वीजवाहिन्यांच्या देखभालीचं काम करते मी. मीटरवर जे दिसत नाही ते माझ्यासाठी नसतंच. हे वाचून "बाईला उन्हाने भास झाला" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा...

आमच्या खाडीच्या तळातून पलीकडच्या वाडीला वीज नेणारी जुनी केबल होती. ओहोटीला पाणी गुडघाभर उरलं की दिसायचं: केबलवर कुर्ल्या ओळीने बसलेल्या. काठीने ढोसलं तरी ढिम्म! गावात म्हणायचे, ही देवाची राखण. मी म्हटलं, कसली राखण? करंट वाहतो तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याने खेकडे गुंगतात. एकदा दुरुस्तीसाठी लाईन बंद करायची होती, तेव्हा सगळ्यांना काठावर बोलावलं. लाईन बंद केली, थोड्या वेळात कुर्ल्या पांगल्या. चालू केली, पुन्हा हजर. माझे बाबा, जन्मभर मासेमारी केलेला माणूस, म्हणाले, "पटला बाय."

पुढे खांबांवरून नवी लाईन आली आणि जुनी केबल काढायचं ठरलं. दोन्ही टोकं मी स्वतः सोडवली. मीटरवर शून्य. दुपारची ओहोटी, माझे दोन सहकारी पँट दुमडून तयार. चिखलातली वाट दाखवायला बाबा आले होते.

आणि केबलवर कुर्ल्या बसलेल्या.

"बाय, लाईन चालू हाय," बाबा म्हणाले.

"बाबा, टोकं मोकळी आहेत. करंट येईल कुठून?"

"ता मला काय म्हाईत?"

पुन्हा तपासलं. शून्य. मला रागच आला. चपला काढून मी पाण्याकडे निघाले, तर बाबांनी मनगट धरलं.

"लाईन बंद झाली की कुर्ल्या जातात, तूच शिकवलंस ना? मग आता तुझाच तुला पटत नाय?"

मी चपला पुन्हा पायात घातल्या. सहकाऱ्यांना म्हटलं, कुणी उतरायचं नाही, जबाबदारी माझी. साहेबांचे फोनवर फोन... मी हटले नाही. तासाभराने सगळ्या कुर्ल्या एकदम पांगल्या — कुणीतरी बटण दाबावं तशा. मीटर तेव्हाही शून्यच!

तोवर भरती लागली. दुसऱ्या दिवशी केबल सुखरूप निघाली. मी ती हातभर हातभर तपासली. एखाद्या घरातून उलटी वीज केबलमध्ये येत होती का, म्हणून वाडीतला प्रत्येक इन्व्हर्टर पाहिला. कुठेच जोड नाही, कुठेच गळती नाही.

साहेब म्हणाले, "रिपोर्टात लिहा, भरतीमुळे काम लांबलं." मी लिहिलं, "मीटर शून्य. खेकडे हलले नाहीत, म्हणून माणसं पाण्यात उतरवली नाहीत." माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला.

खुलासा माझ्याकडे तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण उद्या पुन्हा तसंच दिसलं, तर मी पुन्हा काम थांबवणार.