तिच्या नावाची गाणी

आमच्या घरात आजवर सही करण्यापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तेवढ्या जोरावर स्वतःबद्दल लिहायला बसावं हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यांनी माफ करावं. सांगायचं आहे ते थोडंच आहे, पण तोंडानं कोणाला सांगता येत नाही.

आमच्या गल्लीत एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही. एका फुलाचं नाव आहे, आणि आमच्याकडे कुठल्याही गावात त्या नावाच्या चार बाया सापडतात. त्यामुळे गाणीही पुष्कळ. वरातीत बँडवाले वाजवतात त्या गाण्यातली त्या नावाची बाई सारखी लचकत असते. भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, गाण्यांतली सासरी असते आणि माहेरी जाऊ का म्हणून एकेकाला विचारत फिरते.

मोर्शीकडच्या एका संत्र्याच्या बागेत आम्ही एका हंगामाला कामावर होतो. ती रोज यायची, मी कॉलेजला सुट्टी असेल तेव्हा. बाया गोल बसून संत्री निवडायच्या, मोठी इकडे, बारीक तिकडे, आणि गायच्या. तिच्या नावाचं गाणं आलं की मुद्दाम तिच्याकडे पाहून गायच्या.

"घे वं, तुही सासू काही हो म्हणत नाही," एक काकू म्हणाल्या.

"मंग तुमीच जा ना माह्या बदली नांदाले," ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी क्रेट उचलायला गेलो तेव्हा तिनं मला थांबवलं. "तू कालेजात मराठीच शिकून रायला ना गा?"

"हो."

"मंग सांग. माह्या नावाची बाई एखाद्या तरी गाण्यात घरी येते का? सासू म्हणते सासऱ्याले इचार, सासरा म्हणते दिराले इचार, आन तेवढ्यात गाणं खतम."

"असंल एखादं."

"असंल काय? शोध."

मला ती आवडायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. बीए पुरं व्हायचं होतं आणि त्यानंतर काय, ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. गाणं शोधणं मात्र जमण्यासारखं होतं.

त्या हंगामानंतरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासर अकोल्याकडे. मी पंगतीत वरण वाढलं. निरोपाच्या वेळी सगळ्या रडत होत्या, तीही रडत होती. गाडीत बसताना तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "सापडलं का गा?" मी मान हलवली, नाही म्हणून.

त्यानंतर मी जो भेटेल त्याला विचारत सुटलो. आईला, काकूला, हॉस्टेलमधल्या पोरांच्या आज्यांना फोनवरून. सगळीकडे तीच बाई, आणि शेवट तोच. भाद्रपदात भुलाबाई बसल्या तेव्हा चांदूर रेल्वेला मावशीकडे गेलो. मावशीची सासू भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आहे एक. माही माय म्हणे." आणि गायली. त्यात त्या नावाच्या बाईला न्यायला भाऊ येतो. वाटेत नदी भरलेली असते. ती लुगडं खोचते, भावाचा हात धरून पाण्यातून जाते, आणि आई दारात तिच्या पायांवर गरम पाणी घालते. प्रत्येक ओळीत नाव होतं. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. अमरावतीला हॉस्टेलवर परत जाताना एसटीत ते कानाला लावूनच बसलो होतो.

दिवाळीला तिचा मोठा भाऊ तिला आणायला निघाला. मी गाणं त्याच्या मोबाईलवर टाकलं आणि म्हटलं, "भाऊ, तिले ऐकवजा. तिनं मांगितलं होतं."

भाऊबीज झाल्यावर तो एकटाच परत आला. मी स्टँडवर होतो. सहज आलो असं दाखवलं.

"ऐकवलं का?"

"ऐकवलं. पण तिथं ते नाव नाही बाप्पा तिचं. लग्नानंतर ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं लिवलं ना जवायानं. आमी घरी जुन्याच नावानं बोलतो, म्हणून गावात कोणाले मालूम नाही."

"काहून बदललं?"

"सासूचं नाव तेच आहे. एका घरात दोघी कशा चालतीन?"

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"सासूनं सारं ऐकलं. पदर डोयाले लावून बसली. म्हणे, माह्यं गाणं कोठून आणलं गा तुमी? आपल्या मोबाईलवर घेतलं तिनं."

"आन ती?"

"चहा करून रायली होती आतमंदी." तो चालायला लागला. मग थांबून म्हणाला, "कापूस येचाचा आहे म्हणते सासू. सध्या नाही धाडत."